सीमाभागातला वाद : मुद्दा सोडू नका, माणूस तोडू नका

१ नोव्हेंबर, म्हणजे १९५६ मध्ये बेळगावचा भाग म्हैसूर राज्यात गेला तो दिवस, जवळ आला की बेळगाव, खानापूर, निपाणी भागातले वाचक तेच ते प्रश्न विचारू लागतात. कॉलेजच्या ग्रुपवर महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्नाचा विषय निघाला तर बोलायचे की गप्प बसायचे? बोललो तर कन्नड मित्र दुरावतात, गप्प बसलो तर आपलीच माणसे नावे ठेवतात. पंचायतीत मराठीत अर्ज दिला आणि तो घेतलाच नाही, तर भांडायचे कसे? रागात एक पोस्ट टाकली, आता गुन्हा दाखल होईल का?

हे प्रश्न खरे आहेत. त्यांची उत्तरे 'शांत राहा' एवढ्यावर भागत नाहीत. आपली बाजू मांडणे हा तुमचा हक्क आहे आणि ती नीट मांडणे ही तुमची गरज आहे. हा लेख त्यासाठी आहे. संपूर्ण लेखाची कसोटी एकच धरा: जे वाक्य तुम्ही शेजारच्या कन्नड घरात बसून बोलू शकाल आणि सही करून अर्जात लिहू शकाल, तेच ग्रुपवर टाका. या कसोटीला उतरलेले बोलणे सहसा प्रभावीही असते आणि सुरक्षितही.

आधी ठरवा, वाद नेमका कशाचा आहे

सीमाभागात एका चर्चेत तीन वेगवेगळे वाद मिसळलेले असतात. ते वेगळे केले नाहीत तर दोन्ही बाजू दमतात आणि हाती काहीच लागत नाही.

- सीमेचा वाद : कोणती गावे कोणत्या राज्यात असावीत, हा. तो सर्वोच्च न्यायालयात आहे. ग्रुपवर त्याचा निकाल लागणार नाही. तिथे फक्त माहिती नीट देता-घेता येते.
- भाषिक हक्काचा वाद : कर्नाटकात राहत असताना मराठी शाळा, मराठी अर्ज, मराठी परिपत्रके, मराठी फलक यांचा. तो कायद्यातल्या तरतुदी दाखवून लढता येतो आणि इथे आज, या महिन्यात काही मिळवता येते.
- एखाद्या माणसाच्या वागण्याचा वाद : कंडक्टर, कारकून, दुकानदार, शेजारी. हा त्या माणसापुरता, त्या प्रसंगापुरता असतो.

सगळ्यात जास्त नुकसान होते ते तिसऱ्या वादाला पहिल्याचे रूप दिल्याने. फेब्रुवारी २०२५ मध्ये बेळगावजवळ बसमध्ये तिकिटावरून आणि भाषेवरून वाद झाला. पाहता पाहता दोन्ही राज्यांत एकमेकांच्या बसला काळे फासणे सुरू झाले आणि आंतरराज्य बससेवा काही काळ थांबवावी लागली. त्याचा त्रास कोणाला झाला? कोल्हापूरला दवाखान्यात जाणाऱ्या निपाणीकराला आणि बेळगावला बाजाराला येणाऱ्या चंदगडकराला. त्या प्रवाशांत मराठीही होते, कन्नडही होते.

म्हणून बोलायला सुरुवात करण्याआधी स्वतःला विचारा: मला या क्षणी काय हवे आहे? माहिती दुरुस्त करायची आहे, काम करून घ्यायचे आहे, की झालेल्या अपमानाची तक्रार करायची आहे? उत्तर एकच निवडा.

तारखा आणि आकडे पक्के करा

आपली बाजू भक्कम असली तरी एक चुकीची तारीख समोरच्याला पुरते. मग तो मूळ मुद्दा सोडून तीच चूक धरून बसतो. पुढच्या गोष्टी पाठ असू द्या.

- १ नोव्हेंबर १९५६ : राज्य पुनर्रचना कायद्याने बेळगावचा भाग मुंबई राज्यातून तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. 'महाराष्ट्रातून काढून कर्नाटकात घातले' हे वाक्य बरोबर नाही. महाराष्ट्र राज्य १ मे १९६० रोजी झाले आणि म्हैसूरचे नाव 'कर्नाटक' झाले १९७३ मध्ये.
- महाजन आयोग : सर्वोच्च न्यायालयाचे माजी सरन्यायाधीश मेहरचंद महाजन यांचा आयोग १९६६ मध्ये नेमला गेला, अहवाल १९६७ मध्ये आला. निपाणी, खानापूर, नंदगडसह २६४ गावे महाराष्ट्राला द्यावीत, दक्षिण सोलापूर, अक्कलकोटसह २४७ गावे म्हैसूरला द्यावीत आणि बेळगाव शहर आहे तिथेच राहावे, अशी शिफारस होती. महाराष्ट्राने अहवाल नाकारला. दोन्ही आकडे सांगा. फक्त २६४ सांगितले तर समोरचा २४७ काढतो आणि तुम्ही लपवाछपवी केली असे दिसते.
- ८१४ की ८६५? : महाजन आयोगापुढे महाराष्ट्राची मागणी ८१४ गावांची होती, सर्वोच्च न्यायालयातल्या दाव्यात ८६५ गावांची आहे. कोणता आकडा कुठला, हे सांगूनच वापरा.
- २००४ : राज्यघटनेच्या कलम १३१ खाली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. त्याचा अंतिम निकाल लागलेला नाही. 'कोर्टाने आपल्या बाजूने म्हटले आहे' असे कोणत्याही बाजूचा माणूस म्हणाला, तर आदेशाची तारीख विचारा.
- दोन हुतात्मा दिन : १७ जानेवारी हा १९५६ च्या गोळीबारातल्या हुतात्म्यांचा दिवस. १ जून हा १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनातल्या हुतात्म्यांचा, ज्यांचे स्मारक हिंडलग्यात आहे. नव्या पिढीच्या पोस्टमध्ये हे दोन्ही सर्रास एक होतात.
- लोकसंख्या : 'बेळगावात बहुसंख्य कोण?' या प्रश्नाला एकच उत्तर नाही. जिल्हा धरला तर कन्नड भाषक जास्त. शहर आणि सीमेलगतचे तालुके धरले, जुन्या जनगणना काढल्या, तर चित्र मराठीच्या बाजूचे. कोणत्या वर्षाची जनगणना आणि कोणते क्षेत्र, हे ठरल्याशिवाय टक्केवारीवर वाद घालू नका. महाराष्ट्राचा मूळ आग्रहच 'गाव हा घटक' धरण्याचा आहे, हेही लक्षात ठेवा.

समोरच्याची बाजू त्याच्यापेक्षा नीट मांडा

आपल्याकडे वादाची जुनी शिस्त आहे : आधी पूर्वपक्ष, मग उत्तर. समोरचा 'हो, मला हेच म्हणायचे आहे' असे म्हणेल, इतक्या प्रामाणिकपणे त्याची बाजू मांडा. त्यानंतर तुमचे उत्तर तो ऐकून घेतो.

सीमाप्रश्नात कर्नाटकाचे तीन मुद्दे वारंवार येतात. त्यांना अशी उत्तरे देता येतील:

१. 'राज्यांच्या सीमा ठरवायचा अधिकार घटनेच्या कलम ३ नुसार संसदेचा आहे.' कलम खरे आहे, ते मान्य करा. मग सांगा की दोन राज्यांतला वाद कलम १३१ खाली न्यायालयात नेता येतो, ही महाराष्ट्राची भूमिका आहे आणि तोच प्रश्न न्यायालयापुढे आहे.

२. 'महाजन आयोग तुम्हीच मागितलात, मग नाकारला का?' आयोग महाराष्ट्राच्या आग्रहाने नेमला गेला, हे खरे आहे. ते नाकारू नका. आक्षेप आयोग नेमण्यावर नव्हता. वेगवेगळ्या भागांना वेगवेगळे निकष लावले, हा होता. एवढेच सांगा आणि निकषांवर बोला.

३. 'कर्नाटकात राहता, मग कन्नड का शिकत नाही?' इथे चिडण्यासारखे काही नाही. कन्नड शिकणे चांगलेच आहे, सीमाभागातले हजारो मराठी लोक कन्नड बोलतात. पण राज्यभाषा शिकणे आणि स्वतःच्या भाषेचे घटनादत्त हक्क मागणे यांत विरोध नाही, हे सांगा. धारवाडचे द. रा. बेंद्रे घरी मराठी बोलणारे आणि कन्नडचे ज्ञानपीठ मिळवणारे कवी. या प्रदेशात दोन भाषा एका माणसात सुखाने नांदल्या आहेत.

मान्य करण्यासारखे असेल ते लगेच मान्य करा. त्याने तुमची बाजू लंगडी पडत नाही. उरलेल्या मुद्द्यावर तुम्ही ठाम का आहात, हे लोकांना कळते.

ग्रुपवर उत्तर देण्याआधी

डिसेंबर २०२२ मधला प्रसंग आठवा. सीमाप्रश्न तापला होता, गाड्यांवर दगडफेक झाली होती. १४ डिसेंबरला केंद्रीय गृहमंत्र्यांनी दोन्ही मुख्यमंत्र्यांची दिल्लीत बैठक घेतली. बैठकीनंतर त्यांनी सांगितले की बड्या नेत्यांच्या नावाने केलेल्या बनावट ट्विटर खात्यांनी हा वाद भडकवण्यात हातभार लावला. म्हणजे ज्या ओळींवर लोक चिडले होते, त्यांतल्या काही त्या नेत्यांनी लिहिलेल्याच नव्हत्या.

म्हणून क्रम असा ठेवा:

- खाते तपासा. नावातले एखादे अक्षर बदललेले आहे का? खाते कधी उघडले? तेच विधान वर्तमानपत्रात किंवा सरकारी पानावर आहे का?
- व्हिडिओची तारीख आणि जागा शोधा. आंदोलनाच्या दिवसांत जुने व्हिडिओ 'आत्ताचे' म्हणून फिरतात. व्हिडिओतली बस, फलक, हवामान नीट पाहा. सुरुवात आणि शेवट कापला आहे का? भांडणाचा मधला तुकडाच का दाखवला आहे?
- शंका असेल तर पुढे पाठवू नका. 'खरे-खोटे माहीत नाही, पण बघा' असे लिहून पाठवणेही पाठवणेच आहे.
- रागात लिहिलेले लगेच पाठवू नका. लिहा, बाजूला ठेवा, जेवून या, मग वाचा. शक्य असेल तर घरातल्या एकाला वाचायला द्या.
- चुकीची माहिती आपल्या बाजूची असली तरी दुरुस्त करा. ग्रुपवर तुमच्या शब्दाला वजन येते ते याच सवयीने.
- वैयक्तिक गोष्ट खासगीत बोला. मित्राने चुकीचे लिहिले तर त्याला फोन करा. चारशे लोकांपुढे तो माघार घेणार नाही, फोनवर घेईल.

एकच तक्रार, दोन रूपे

समजा, बेळगावच्या मध्यवर्ती बसस्थानकावर (सीबीटी) तुम्ही मराठीत तिकीट मागितले आणि कंडक्टर वाटेल ते बोलला. ग्रुपवर बहुधा असा मजकूर पडतो:

*'हे सगळे असेच आहेत. मराठी माणूस ह्यांना नकोच. बघा आज बसमध्ये काय केलं. जास्तीत जास्त शेअर करा.'*

या मजकुरात तारीख नाही, बस नाही, प्रसंग नाही. आरोप मात्र अख्ख्या समाजावर आहे. वाचणारा चिडतो आणि पुढे काहीच घडत नाही. आता हेच असे लिहून पाहा:

*'आज सकाळी ९ च्या सुमारास सीबीटीवरून सुटलेल्या बसमध्ये मी मराठीत तिकीट मागितले. कंडक्टरने तिकीट न देता अपशब्द वापरले. बसचा क्रमांक मी लिहून घेतला आहे. डेपो व्यवस्थापकांकडे लेखी तक्रार दिली, पोच घेतली आहे. शेजारच्या सीटवरच्या कन्नड भाषक काकांनी साक्षीदार म्हणून नाव दिले आहे. त्या बसमध्ये कोणी होते का? असल्यास मला खासगीत कळवा.'*

दुसऱ्या मजकुरात कमी राग नाही. पण त्यावर कारवाई होऊ शकते आणि वाचणारा कन्नड भाषकही तुमच्या बाजूला उभा राहू शकतो. पाच गोष्टी कायम लिहा : कधी, कुठे, काय झाले, पुरावा काय, मागणी काय. कंडक्टरचा चेहरा किंवा घरचा पत्ता पसरवू नका. त्याने तक्रार पक्की होत नाही, उलट तुमच्यावरच तक्रार होण्याची वेळ येते.

कार्यालयाच्या खिडकीवर

पंचायत, नाडकचेरी, महापालिका, वीज कंपनी हेस्कॉम, बँक, इथे होणारी वादावादी सगळ्यांत जास्त आणि सगळ्यांत निष्फळ असते. समोर बसलेल्या कारकुनाला धोरण बदलता येत नाही. पण त्याला अर्ज घ्यायला लावता येते.

- पहिले वाक्य नमस्काराचे आणि शक्य असेल तर कन्नडमधले असू द्या : 'ननगे कन्नड स्वल्प बरुत्तदे, सर.' थोडेफार येते एवढे सांगितले तरी समोरच्याचा आवाज खाली येतो. यात कमीपणा काही नाही.
- अर्ज मराठीत देण्याचा आधार सांगा. राज्यघटनेच्या कलम ३५० प्रमाणे, तक्रारीच्या निवारणासाठी केंद्राच्या किंवा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याकडे, केंद्रात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत निवेदन देता येते. मात्र उत्तर त्याच भाषेत मिळेल, असे हे कलम सांगत नाही. तेवढे गृहीत धरून भांडू नका.
- घाई असेल तर मराठी अर्जासोबत कन्नड किंवा इंग्रजी भाषांतर जोडा. हक्कही राहतो, कामही होते.
- पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. अर्ज घ्यायला नकार दिला तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपून ठेवा.
- नकार तोंडी असेल तर शांतपणे म्हणा : 'सर, नकाराचे कारण लिहून द्या.' हे वाक्य आवाज चढवण्यापेक्षा जास्त काम करते.
- माहिती अधिकाराचा नियम वेगळा आहे. २००५ च्या कायद्यानुसार हा अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत द्यायचा असतो. म्हणून कर्नाटकात तो कन्नड, हिंदी किंवा इंग्रजीत लिहा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. एका अर्जात एकच विषय ठेवा आणि मजकूर १५० शब्दांच्या आत बसवा.

अर्जाचा नमुना इतका साधा असू शकतो:

*'मा. पंचायत विकास अधिकारी (पीडीओ), ग्रामपंचायत ______. विषय : घरपट्टीची नोटीस मराठीत मिळण्याबाबत. महोदय, मला दि. ______ रोजी मिळालेली नोटीस कन्नडमध्ये आहे. मला कन्नड वाचता येत नाही. त्यामुळे मुदत आणि रक्कम समजली नाही. घटनेच्या कलम ३५० नुसार हे निवेदन मराठीत देत आहे. नोटिशीचे मराठी भाषांतर द्यावे आणि तोपर्यंत दंड आकारू नये, ही विनंती. सोबत : नोटिशीची प्रत.'*

यात राजकारण नाही, उपरोध नाही. अडचण काय आणि मागणी काय, एवढेच आहे. असा अर्ज नाकारणे अवघड जाते.

तुमचे हक्क

चर्चेत 'आमच्यावर अन्याय होतो' म्हणण्यापेक्षा 'या तरतुदीचे पालन होत नाही' म्हणा. मग समोरच्याला तरतुदीवर बोलावे लागते.

- कलम २९ आणि ३० : आपली भाषा, लिपी, संस्कृती जपण्याचा आणि भाषिक अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षणसंस्था चालवण्याचा हक्क.
- कलम ३५०(क) : प्राथमिक टप्प्यावर भाषिक अल्पसंख्याक मुलांना मातृभाषेतून शिक्षणाच्या पुरेशा सोयी देण्याचा प्रयत्न राज्याने आणि स्थानिक संस्थांनी करावा.
- कलम ३५०(ख) : भाषिक अल्पसंख्याकांसाठी राष्ट्रपतींनी नेमलेला विशेष अधिकारी. वैयक्तिक गाऱ्हाण्यापेक्षा गावाची, शाळेची सामूहिक तक्रार पुराव्यासह तिकडे पाठवावी.
- कर्नाटक स्थानिक प्राधिकरण (राजभाषा) कायदा, १९८१ : १५ टक्के किंवा त्याहून जास्त भाषिक अल्पसंख्याक असलेल्या भागात स्थानिक संस्थांची कागदपत्रे त्यांच्या भाषेतही मिळावीत, या मागणीला सीमाभागात याच कायद्याचा आधार घेतला जात आला आहे.
- फलक : २०२४ च्या दुरुस्तीनुसार दुकाने-आस्थापनांच्या फलकावर ६० टक्के कन्नड आणि ते वरच्या भागात असावे लागते. उरलेल्या जागेत मराठी लिहायला या नियमाने मनाई केलेली नाही. मराठी फलक काढा म्हणून कोणी अडून बसला तर भांडण न करता लेखी नोटीस मागा.

रेषा कुठे आहे

घटनेच्या कलम १९(१)(अ) ने बोलण्याचे स्वातंत्र्य दिले आहे आणि १९(२) ने त्यावर वाजवी बंधने घातली आहेत. पालघरच्या दोन तरुणींना नोव्हेंबर २०१२ मध्ये फेसबुकवरच्या मजकुरासाठी अटक झाली होती. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ज्या ६६अ कलमावरून देशभर अशा तक्रारी होत, ते सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले. त्यामुळे 'पोस्ट आवडली नाही' हा गुन्हा नाही. पण १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतल्या या कलमांचे भान ठेवा:

- कलम १९६ : धर्म, वंश, जन्मस्थान, *भाषा* अशा कारणांवरून गटांत वैर वाढवणे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत.
- कलम ३५३ : अफवा किंवा खोटी माहिती पसरवून लोकांना भडकवणे.
- कलम ३५१ आणि ३५२ : धमकी, शांतता बिघडेल अशा हेतूने केलेला अपमान.
- कलम ३५६ : बदनामी.

सरकारवर, धोरणावर, आयोगावर, पक्षावर कडक टीका करा. 'कन्नडसक्ती चुकीची आहे' हे मत आहे. 'अमक्या भाषेच्या लोकांना हाकला' हे मत नाही. ही कलमे तुमच्या विरोधात वापरता येतात, तशीच मराठी लोकांविरुद्ध कोणी भडकावू लिहिले तर तुम्हालाही वापरता येतात.

एका गोष्टीत विशेष जपा : महापुरुषांचा अवमान कधीही नको. डिसेंबर २०२१ मध्ये बंगळुरात छत्रपती शिवाजी महाराजांच्या पुतळ्यावर शाई टाकल्याचा व्हिडिओ पसरला आणि त्यापाठोपाठ बेळगावात संगोळ्ळी रायण्णांच्या पुतळ्याची नासधूस झाली. इंग्रजांशी लढलेल्या रायण्णांना फाशी झाली ती खानापूर तालुक्यातल्या नंदगडला, १८३१ मध्ये. त्यांचा अपमान करून शिवरायांचा मान वाढत नाही. अशा वेळी दोन्ही घटनांचा निषेध एकाच वाक्यात करा.

शिवीगाळ किंवा धमकी आली तर

१. उत्तर देऊ नका. आधी स्क्रीनशॉट घ्या. त्यात खात्याचे नाव, तारीख, वेळ आणि दुवा दिसला पाहिजे. मूळ संदेश पुसू नका.
२. त्या समाजमाध्यमावरच्या तक्रार-अधिकाऱ्याकडे तक्रार नोंदवा आणि मग खाते ब्लॉक करा. तुमच्या नावाने बनावट खाते असेल तर ते स्पष्ट लिहा. अशी तक्रार तातडीने हाताळावी लागते.
३. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा जवळच्या ठाण्यात तक्रार द्या. हद्द महाराष्ट्राची की कर्नाटकाची, हा घोळ सीमेवर नेहमी होतो. दखलपात्र गुन्हा असेल तर कोणत्याही ठाण्यात 'झिरो एफआयआर' नोंदवता येतो.
४. बाईला उद्देशून अश्लील लिहिणे किंवा तिचा ऑनलाइन पाठलाग करणे यांसाठी न्याय संहितेची ७८ आणि ७९ ही कलमे आहेत. 'राजकीय वादात असे चालायचेच' म्हणून घरच्यांनी तिला गप्प बसवू नये.
५. पोलिसांनी तुम्हालाच बोलावले तर लेखी नोटीस मागा, ठरल्या वेळी हजर राहा, वकील सोबत न्या. मोफत कायदेशीर मदतीसाठी विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० हा क्रमांक आहे.

ग्रुप अ‍ॅडमिन असाल तर

मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटले आहे की सदस्याच्या मजकुरासाठी अ‍ॅडमिन आपोआप दोषी ठरत नाही, समान हेतू दिसावा लागतो. तरीही ग्रुप वाऱ्यावर सोडू नका. चार नियम वर लावून ठेवा : स्रोताशिवाय बातमी नाही, जातीवरून-भाषेवरून शिवी नाही, कोणाचा फोन नंबर किंवा पत्ता नाही, आणि १ नोव्हेंबर, १७ जानेवारी, १ जून या दिवसांच्या आगेमागे फक्त अ‍ॅडमिनने संदेश टाकायचा. नियम मोडणारा आपल्या मताचा असेल तेव्हा नियम जास्त कडकपणे लावा.

व्यासपीठावर बोलताना

वादविवाद स्पर्धेत किंवा सभेत वेळ थोडा असतो. एक दावा, त्याला एक आधार, एक उदाहरण, समोरच्याच्या सगळ्यात भक्कम मुद्द्याला उत्तर, आणि शेवटी मागणी. एवढेच बसवा. पाच मुद्दे अर्धवट मांडण्यापेक्षा दोन पुरते मांडा. समोरच्याचे नाव आदराने घ्या, उच्चारांची चेष्टा करू नका. अर्जुननगरचे देवचंद कॉलेज कागल तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात, आणि तिथे येणारी कित्येक मुले पलीकडच्या निपाणीची. अशा वर्गात उद्या तुमच्याच बाकावर बसणाऱ्याविरुद्ध तुम्ही आज बोलत असता.

बॅ. नाथ पै यांचा आदर्श समोर ठेवा. सीमाप्रश्नावर त्यांच्याइतके कळकळीने बोलणारे थोडे. लोकसभेत त्यांचे विरोधकही त्यांना कान देऊन ऐकत, कारण अभ्यास पक्का आणि भाषा सभ्य. १७ जानेवारी १९७१ ला बेळगावात हुतात्मा दिनाच्या सभेत ते बोलले आणि दुसऱ्या दिवशी तिथेच त्यांचे निधन झाले. ठामपणाला कर्कशपणाची गरज नसते, हे सीमाभागाला त्यांच्याकडून शिकता येते.

कुठे थांबायचे

- समोरचा तोच मुद्दा पुन्हा पुन्हा मांडतो आणि तुमच्या प्रश्नाला उत्तर देत नाही.
- बोलणे घरच्यांवर, जातीवर, बाईमाणसांवर गेले.
- तुमच्याकडे नवा आधार उरला नाही.

यांतले एकही दिसले तर लिहा : 'आपले मतभेद स्पष्ट झाले. माझे म्हणणे आणि आधार वर दिला आहे. मी इथे थांबतो.' आणि खरेच थांबा. शेवटचा शब्द आपला असावा, हा हट्ट सोडा. वाचणारे गप्प असतात, पण ते वाचत असतात आणि मत तेच बनवतात.

१९८१ च्या मार्च-एप्रिलमध्ये निपाणीच्या महामार्गावर तंबाखू उत्पादक शेतकरी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली ठिय्या देऊन बसले होते. त्यांत मराठी बोलणारे होते, कन्नड बोलणारेही होते, कारण तंबाखूचा भाव दोघांनाही सारखाच पडत होता. आजही पाणी, रस्ता, उसाचे बिल, शाळेचे छप्पर असे कितीतरी प्रश्न दोघांचे एकच आहेत. ज्या शेजाऱ्याबरोबर उद्या त्या प्रश्नांसाठी एकाच निवेदनावर सही करायची आहे, त्याच्याशी आज भाषेवरून बोलताना मुद्दा एक इंचही सोडू नका. पण सही मागायला जाता येईल, एवढे नाते राखा. या आठवड्यात एवढे करा : तुमची एक जुनी तक्रार घ्या, वरच्या पाच गोष्टी भरून ती अर्जात लिहा, पोच घ्या, आणि ग्रुपवर त्या पोचेचा फोटो टाका.